ताई, तो दुधी कडू होता

ताई, तुझ्या तेराव्याचा स्वयंपाक चांगला झाला होता. आचाऱ्याने अळूची भाजी सढळ हाताने केली, वडे खुसखुशीत झाले, आणि सगळे जेवून उठले तरी अर्धं उरलं. उरलेल्याचं काय करायचं हे घरात कोणालाच सुचेना. रेवती स्वयंपाकघराच्या दारात पातेल्यांकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "मावशी, आई असती तर हे सगळं कुठे ठेवलं असतं गं तिने?" मी म्हटलं, "पोटात." तुझी लेक आधी हसली, आणि मग ओट्याला धरून रडली.

दुपारी जेवणं उरकली की तुझा फोन यायचा. मी बिबवेवाडीत, तू कर्वेनगरात, मध्ये सगळं शहर, आणि तरी आपण एकाच ओट्यापाशी उभ्या असल्यासारख्या बोलायचो. आता त्या वेळेला मी फोन हातात घेते आणि ठेवून देते. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुझ्याशी भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मला पुरं करायचंय. तू उलट बोलणार नाहीस, हा त्यातला एकमेव फायदा. तोही मला नको होता.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारत होता, "अचानक कसं काय? कशाने गेल्या?" आणि भाऊजी प्रत्येकाला सांगत होते, "हार्ट." एकच शब्द. ऐकणारा मान हलवायचा, त्याच्या ओळखीतलं असं कोण कोण गेलं ते सांगायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. हार्ट म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. मी आणि रेवती एकमेकींकडे बघत बसायचो. कारण तुझं हृदय ठणठणीत होतं हे आम्हाला माहीत होतं. तू दुधीच्या रसाने गेलीस.

 दुधी! पथ्याची भाजी. आजाऱ्याला देतात, बाळाला देतात, आणि निरोगी माणूस ज्याच्याकडे बघून नाक मुरडतो तो दुधी. कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तूही हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "कुमे, काहीतरीच काय!"

तो वेल तू लावला नव्हतास. गच्चीतल्या ओल्या कचऱ्याच्या पिंपातून तो आपोआप वर आला. सालं, देठं, खराब निघालेल्या भाज्यांच्या बिया, सगळं त्या पिंपात जायचं, त्यातलीच कुठलीतरी बी रुजली. तुला कोण आनंद! मला फोनवर रोजचा अहवाल. आज दोन पानं आली, आज तणावा दोरीला लागला, आज फूल. ऐन उन्हाळ्यात तू बादलीने पाणी वर नेत होतीस, गुडघे दुखत असताना. "बिनफवारणीचा आहे गं, घरचा," असं तू इतक्यांदा म्हणालीस की मी फोन स्पीकरवर टाकून भांडी घासायला लागले. मंडईतल्या भाजीवर तुझा विश्वास नव्हता. औषधं मारतात, गटाराच्या पाण्यावर वाढवतात, रंग लावतात, सगळं तुला पाठ होतं. घरच्या वेलावर मात्र तू डोळे मिटून विश्वास ठेवलास.

आणि तुझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही असं कधी घडलंच नव्हतं. लहानपणी तर तुझी जीभ म्हणजे आपल्या घरची प्रयोगशाळा. आई काकडीचं टोक कापायची, ते त्याच काकडीवर घासून फेस काढायची, आणि मग पातळ चकती कापून तुला हाक मारायची. मला नाही, दादाला नाही, तुला. तुझ्या जिभेला कडूचा कणसुद्धा कळायचा. दोडका असो, पडवळ असो, दुधी असो, भाजी फोडणीला पडायच्या आधी एक कच्चा तुकडा तुझ्या तोंडात. तू डोळे मिटून चावायचीस, आम्ही तुझ्या चेहऱ्याकडे बघायचो. तू "चालेल" म्हणालीस की कढई चढायची. तू "शी" म्हणालीस की ती अख्खी काकडी कचऱ्यात. आईने कधी "थोडीशीच कडू आहे ना" असं म्हटलेलं मला आठवत नाही. आणि कारल्याची भाजी असली की तू जेवायलाच बसायची नाहीस. असला नखरा तू केलायस हे तुझ्या लेकीला खरं वाटत नाही.

मग तू लग्न होऊन गेलीस, त्या घरात रोज देवाला नैवेद्य. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही, जिभेला लागलं की उष्टं झालं. मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने. तुझ्या सासूबाई वासावरून मीठ ओळखायच्या म्हणे, आणि वर्षभरात तूही ओळखायला लागलीस. मी तुला तेव्हापासून सांगत आले की अगं, शिजवलेला पदार्थ नैवेद्य असतो, कच्च्या काकडीची चकती नव्हे. देव काही कच्च्या दुधीवर दावा सांगत नाही. तू म्हणायचीस, "सवय मोडली गं आता." सासूबाई गेल्या, रोजचा नैवेद्य वाटीभर साखरेवर आला, रेवती नोकरीला लागली, तरी तुझी मोडलेली सवय मोडलेलीच राहिली. हे आपलं पहिलं भांडण.

दुसरं भांडण उरलेल्याचं. तू उरलेलं संपवायचीस, आणि मी म्हणायचे की तू घरची कचरापेटी नाहीस. लोणी काळभोरला चुलत भाच्याच्या लग्नात शेजारच्या पानावर कोणा अनोळखी पोराने अख्खी जिलबी टाकली तर तू ती उचलून खाल्लीस. मी पंगतीत मान खाली घातली. एकदा तर रेवतीचं खोकल्याचं औषध दोनच चमचे उरलं होतं म्हणून तू पिऊन टाकलंस, खोकला नसताना! मी विचारलं तर म्हणालीस, "बाटली अडकून पडली होती." मी तुझी टिंगल करायचे, आणि तू शांतपणे म्हणायचीस, "कुमे, अन्न आहे ते." ह्या वाक्यापाशी मी विषय बदलायचे.  अन्न आहे ते, हे खरंच आहे.

आणि हेही खरं आहे की आपल्या घरात करपलेली भाकरी कधी माझ्या ताटात आली नाही. मला पुष्कळ मोठी होईपर्यंत वाटायचं की आईच्या भाकऱ्या करपतच नाहीत. त्या तू आधीच उचललेल्या असायच्या. मला टायफॉइड झाला तेव्हा मी टाकलेली पेज तू प्यायचीस, आई ओरडायची, तू लपून प्यायचीस. मी तुझ्यावर चिडते तेव्हा हे सगळं मध्ये येतं, आणि माझं भांडण दर वेळी इथेच अडतं.

त्या सकाळचं मला भाऊजींनी सांगितलं. फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींपैकी कोणीतरी सांगितलं होतं की कोलेस्टेरॉलला दुधीचा रस चांगला, अनशापोटी. तू दुधी सालासकट मिक्सरमधून काढलास, त्यात आलं, पुदिना, लिंबू, काळं मीठ. दोन पेले भरलेस. तुझा तू ओट्यापाशी उभ्यानेच, नाक दाबून, एका दमात संपवलास. तुझी औषधं घ्यायची पद्धतच ती. भाऊजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "कडू आहे गं," ते म्हणाले. तू म्हणालीस, "औषध काय बासुंदीसारखं लागणार आहे?" ते म्हणाले, "मला नको." मग तू म्हणालीस, "नखरे नुसते. एवढा केलाय, वाया घालवू?" आणि त्यांचाही पेला प्यायलीस.

थोड्या वेळाने पोटात मुरडा आला. मग उलट्या. तू म्हणालीस पित्त झालं, लिंबूसरबत घेतलंस, तेही उलटलं. डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं तर दळण आणायचं होतं तुला. उलटीत रक्त दिसलं तेव्हा भाऊजींनी रेवतीला ऑफिसातून बोलावलं. मी रिक्षाने पोचले तेव्हा तुला आत नेलेलं होतं. तुझं ब्लडप्रेशर लागतच नव्हतं.

तिथली डॉक्टर रेवतीपेक्षाही लहान दिसत होती. तिने विचारलं, "सकाळपासून काय काय खाल्लंय त्यांनी?" भाऊजी म्हणाले, "दुधीचा रस फक्त." तिने लिहिता लिहिता मान वर केली. "काका, कडू होता का?" भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "हो. मी म्हटलं होतं."

नंतर तिने आम्हाला समजावून सांगितलं. दुधी, काकडी, दोडका ह्या भाज्यांच्या वेलात एक कडू द्रव्य असतं, किड्यांपासून, जनावरांपासून वाचायला झाडाने स्वतःसाठी केलेलं. आपण खातो त्या जातींत ते जवळजवळ उरलेलं नसतं. पण कधी उन्हाचा ताण बसला, कधी असल्या आपोआप उगवलेल्या बीमध्ये कुठल्या रानवेलाचा संकर झालेला असला, की ते परत येतं. शिजवून जात नाही, लिंबाने जात नाही, मिठाने जात नाही. रसात तर अख्खा दुधी एका पेल्यात उतरतो. "आणि ह्याला उतारा नाही," ती म्हणाली. "आम्ही सलाईन देतोय, प्रेशर वर आणायचा प्रयत्न करतोय." मी मूर्खासारखं विचारलं, "पण कारलं नाही का आपण खात?" ती म्हणाली, "कारलं कडूच असतं, मावशी. त्याचा कडूपणा वेगळा. दुधीने कडू व्हायचं नसतं. तो कडू लागला की थुंकायचं आणि टाकून द्यायचं, एवढंच." एवढंच, ताई. आपल्या आईला जे येत होतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

मला तुझा राग आला आहे. हे मी तुझ्या फोटोसमोर उभी राहून म्हणू शकत नाही, तिथे हार आहे, उदबत्ती आहे, म्हणून इथे म्हणते. नाक दाबून का प्यायलीस? ज्या जिभेला चकतीतला कडूचा कण कळायचा ती तू नाक दाबून बंद केलीस, आणि नवऱ्याने त्याच्या जिभेला लागलेलं खरं सांगितलं तर त्याला नखरे म्हणालीस. भाऊजींच्या नखऱ्यांवर मी जन्मभर बोलले. भेंडी चिकट झाली, आमटी पातळ झाली, वरणाला हिंग जास्त. मी म्हणायचे, माझ्या बहिणीने काय पाप केलं म्हणून हा माणूस तिच्या पदरात पडला. त्या दिवशी त्या घरात एकच शहाणपणाची गोष्ट झाली, आणि ती ह्या माणसाच्या नखऱ्याने केली. त्यांना "नको" म्हणायची सवय होती म्हणून ते आहेत. तुझी ती सवय आपण सगळ्यांनी मोडू दिली. तू हे वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "बरं झालं ना मग, ते तरी राहिले." हे तुझं म्हणणं मला इतकं स्पष्ट ऐकू येतं की आणखीच राग येतो.

आता "हार्ट"चं सांगते. तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी रेवतीने वडिलांना म्हटलं होतं, "बाबा, खरं सांगू या. लोकांना माहीत व्हायला पाहिजे. किती जण रोज सकाळी हा ज्यूस पितात." भाऊजी म्हणाले, "दुधीने गेली म्हणून सांगू? हसतील लोक." ती म्हणाली, "कोणी हसणार नाही." मग त्यांनी दार लोटून घेतलं. आणि म्हणाले, "हसले तर परवडेल गं. पण विचारतील, तुम्ही कसे वाचलात? काय सांगू? मला कडू लागला म्हणून मी ठेवला, आणि तिने माझा प्यायला?" रेवती उठून आत गेली.  ह्या माणसाला रागवायचा माझा हक्क त्या क्षणी संपला.

म्हणजे तू हार्टने गेलीस हे ठरलं. आणि वर गच्चीत तो वेल तसाच होता. आम्ही कोणी वर गेलोच नव्हतो. पिंपाजवळ जायची हिंमत नव्हती, आणि सुतकात कोणाला सुचलंही नाही. त्याला पाणी कोणी घातलं कोण जाणे, पण तो जोमात होता.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळे हॉलमध्ये बसले होते. सोसायटीचे चेअरमन उठले. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, खरंच चांगलं. गणपतीत तू प्रसादाचं बघायचीस, कोणाच्या घरी आजारपण असलं की डबा न्यायचीस. आणि शेवटी म्हणाले, "सुमनताईंच्या हातचा वेल अजून गच्चीवर आहे. मी सकाळीच बघितलं, पाच-सहा दुधी छान धरलेत. मला वाटतं, त्यांची आठवण म्हणून आपण ते घरोघरी वाटून घ्यावेत. त्यांनाही आवडलं असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या नातवाला मी आजच खीर करून घालते."

 रेवती बोलायला उठली, पण तिच्या आधी भाऊजी उठले. भिंतीला हात टेकून उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही मला सगळ्यांनी विचारलं आणि मी हार्ट सांगितलं. हार्ट नव्हतं. तो दुधी कडू होता. तिने रस काढला, मला एक घोट कडू लागला, मी ठेवला. तिने स्वतःचा प्यायला आणि माझाही प्यायला. वाया जाऊ नये म्हणून. मी तिला पिऊ नकोस म्हणालो नाही. मला नको एवढंच म्हणालो."  मग म्हणाले, "त्या वेलाचं कोणीही काही खाऊ नका. आणि कुठलाच दुधी, कुठलीच काकडी कडू लागली तर पोटात ठेवू नका. लाजू नका."

कोणी हसलं नाही, ताई. कोणी त्यांना विचारलंही नाही की तुम्ही कसे वाचलात. चेअरमन चपला घालून वर गेले, त्यांच्यामागे आणखी दोघं. वेल उपटून, दुधी ठेचून, पोत्यात बांधून खाली आणलं त्यांनी. रेवती म्हणाली, पिंपातही टाकू नका, बिया परत रुजतील. पाहुणे हळूहळू उठले. भाऊजी खुर्चीत बसून राहिले, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की हा माणूस आज झोपेल.

तुझ्या शेजारच्या लिमयेवहिनी मात्र उठल्या नाहीत. खिडकीपाशी पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या. हॉल रिकामा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमचाही कडू होता."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. वेलाचं पहिलं फळ आपण खायचं नाही, शेजारी द्यायचं, ही आपल्या आईची शिस्त. पहिला दुधी तू त्यांच्याकडे दिला होतास. त्या खाली बघत सांगत होत्या, "मी चिरताना नेहमी चकती तोंडात टाकते. जीभ जळल्यासारखी झाली. सगळा टाकून दिला. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, विचारलं, कसा झाला होता? मी म्हटलं, लोण्यासारखा. इतक्या हौसेने दिला होता हो त्यांनी. तोंडावर कसं सांगायचं?"

लिमयेवहिनी! ज्यांनी मला तुझ्याच घरी, चारचौघांत, "तुम्ही भजन म्हणू नका, टाळ वाजवा" असं सांगितलं त्या. दुपारी बेल वाजवणाऱ्या कुरियरवाल्याला ज्या शुद्ध मराठीत जन्माची अद्दल घडवतात त्या. ह्या बाईने आयुष्यात एकदा कोणाचं मन राखलं, आणि ते तुझं. मला ओरडायचं होतं. त्यांच्या पेल्यातलं पाणी साडीवर सांडत होतं तरी त्यांना कळत नव्हतं, आणि मी ओरडले नाही. भाऊजी उठले, त्यांच्या हातातून पेला घेतला आणि म्हणाले, "तुम्ही टाकलात हे बरं केलंत." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. त्यांनी जिन्यात खरं सांगितलं असतं, "सुमनताई, तुमचा दुधी कडू निघाला," तर काय झालं असतं? तुझा चेहरा पडला असता. तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नसतीस. दुपारी मला फोन करून म्हणाली असतीस, "बघ ना कुमे, फुकट दिलेल्यालाही नावं ठेवतात." मग एक तुकडा स्वतः चावून बघितला असतास, थुंकला असतास, आणि वेलावर राग काढून तो उपटून टाकला असतास. मी तुझी समजूत काढली असती. तुला वाईट वाटलं असतं, ताई. एवढंच झालं असतं.